सायत्राकाकीच्या सोपेचं पथ्य

सायत्राकाकी मला दिसली नंतर, आधी तिचा आवाज ऐकू आला.

दवनीवाड्याला येऊन आम्हाला जेमतेम आठ दिवस झाले होते. माझे यजमान तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून बदलून आले होते. मी भंडारा शहरात वाढलेली, लग्नाला वर्ष झालेली. त्या दिवशी घराच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, पाय पोटाशी घेऊन पडले होते. महिन्याचे ते दिवस मला वयात आल्यापासून असेच जायचे. कंबरेपासून मांड्यांपर्यंत कोणी पिळून काढतंय असं वाटायचं. पुढच्या अंगणात गावातली चार मोठी माणसं यजमानांशी बोलत बसली होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला,

"वो मास्तरीनबाई! बाहीर बसली का? पोट भल्ला दुखून राह्यला वाटते!"

अंगणातलं बोलणं एकदम थांबलं. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळानं कुंपणाच्या फटीतून एक बुटकी, सावळी, काटक बाई आत आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर हिरवं गोंदण, हातात झाकलेला पितळी लोटा. माझ्याजवळ बसून तिनं सरळ माझ्या कंबरेला हात लावला.

"अहो, शिवू नका, मी बाजूला बसलेय," मी घाबरून म्हणाले.

"माही शिवाशिव मी पाहून घेईन. घरी जाऊन आंग धुईन. तू हे पी."

लोट्यात बडीशेपेचा काढा होता. तिकडे बडीशेपेला सोप म्हणतात. ठेचलेली सोप आणि गुळाचा खडा, दोन भांडी पाण्याचं एक होईपर्यंत उकळलेलं. मी घोट घोट घेत होते आणि ती माझी कंबर चोळत होती. दुखणं जादूसारखं गेलं नाही. पण तासाभरात पाय सरळ करता आले. त्या दिवसांत कोणी माझ्या कंबरेला हात लावण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. मला रडू आलं.

"रडतेस कायले वो?" ती म्हणाली. "दुखते तं दुखते म्हनाव. तोंड दाबून का होते?"

तेव्हापासून आम्ही दवनीवाड्यात होतो तोवर, म्हणजे सात वर्षं, ती माझी शेजारीण.

तिचा नवरा सोमाकाका दिवसाला दहा शब्द बोलत असेल. दोघं मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, धानाची बांधी वाहायची, त्याचं भाताचं शेत कसायची. धान घरी आलं की काकी आपल्या घरामागच्या बाडीत, विहिरीच्या कडेनं सोप पेरायची. बाकी बायका वांगी, वाल, मिरच्या लावायच्या, काकीच्या बाडीत अर्धी जागा सोपेची. होळीच्या सुमाराला ती झाडं तिच्या डोक्याच्या वर जायची, पिवळ्या छत्र्यांनी भरायची, आणि काकी त्यात शिरली की नुसती पानं हलताना दिसायची. दाणा हिरवा असतानाच ती तोडायची. उन्हात वाळवू द्यायची नाही. सपरीत, सावलीला, उलट्या टांगलेल्या जुड्या. तिच्या घरात शिरलं की आधी तो गोड वास यायचा आणि मग डोक्याला जुडी लागायची.

सोपेला ती औषध म्हणत नसे. "बाई" म्हणे. "आमच्या बाईचा सभाव थंडा हाये." "आमच्या बाईले मोठ्या आगीवर ठेवशीन तं रुसते." कोणी दुखणं सांगायला आलं की आधी सगळं ऐकून घ्यायची, मधे एक शब्द बोलायची नाही. मग म्हणायची, "पाहू, आमची बाई का म्हन्ते ते."

पोटात कळ येते तिला गरम काढा. पाळी जाण्याच्या वयात अंगाची लाही होते, घाम फुटतो, चिडचिड होते, तिला मातीच्या गाडग्यात भिजवलेल्या सोपेचं पाणी, खडीसाखर घालून. बाळंतिणीला जेवणानंतर भाजलेली सोप, तीळ आणि मिठाचे खडे. पहिल्या महिन्यांत उलट्यांनी हैराण झालेल्या पोरीला मात्र ती चिमूटभरच द्यायची, तोंडात धरायला. "पोटुशी बाईले काढा नोको. चव बदलाले चार दाने बस्स." कोणाला किती द्यायची आणि कोणाला द्यायचीच नाही, हे तिचं ठरलेलं होतं. ते तिला कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणायची, "चुकून चुकून शिकली." त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

श्रावणापर्यंत घरची सोप संपायची. मग ती गोंदियाच्या बाजारात जायची. एकदा मलाही बरोबर घेतलं. किराण्याच्या एका मोठ्या दुकानात शेठनं पोत्यातून मूठभर सोप तिच्या हातावर ठेवली.

"ले माई, एक नंबर माल है."

काकीनं चार दाणे चावले, डोळे मिटले, आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून थुंकली.

"इचा अर्क काढून घेतला ना कोनं. निस्ता भुस्सा रंगवून ठेवला."

"तुमको कैसे मालूम?"

"मले कायचा मालूम? जिभेले मालूम."

शेठला राग यायला हवा होता, पण तो हसला आणि आतून दुसरं पोतं मागवलं. ते चाखून झाल्यावर काकीला शेजारच्या पोत्यात बाळंतशेप दिसली. त्या पोत्यावरही नोकरानं सोपेचीच चिठ्ठी लावलेली होती. चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती, ती मी वाचून दाखवली. मग जी सुरू झाली! बाळंतशेप वेगळी, बडीशेप वेगळी, दोघी दिसायला बहिणी असल्या तरी एकीच्या घरी दुसरीला नांदवता येत नाही, असं ती त्या शेठला भर दुकानात पाव तास सांगत होती. शेवटी शेठनं स्वतः उठून ती चिठ्ठी काढली. परत येताना मी म्हटलं, "काकी, एवढं कशाला?" तर म्हणाली, "आपुन तं चाखून घेऊ. जिले चाखता येत नाही, तिचा का?"

पण सोपेपेक्षा मोठी गोष्ट होती तिचं पथ्य.

आमच्या गल्लीच्या टोकाला इमला नावाची सून होती, सतरा-अठरा वर्षांची. तिला पहिला मुलगा झाला आणि आठ दिवसांत घरात रडारड सुरू झाली. आईला दूध येईना. पोर भुकेनं किरकिरायचं. सासू काकीकडे आली, "काही देना वो, सोप-बीप." काकी मला घेऊन तिकडे गेली. इमला काळोख्या खोलीत बाजेवर पडलेली. बाजेखाली शेगडी. ओठ सुकलेले. काकीनं तिचे हात पाहिले, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, आणि सहज विचारल्यासारखं सासूला विचारलं, "का खाते पोरगी?"

"बारतीन बाईले का देतात? पेज देतो. पानी कमीच देतो. पोट सुटते ना."

मला वाटलं, आता काकी सासूला झाडणार. पण ती ओसरीवर येऊन बसली, इमलाच्या सासऱ्यालाही बोलावून घेतलं आणि फार गंभीर चेहरा केला.

"सोप देतो मी. पन ह्या सोपेचं पथ्य भल्ला कडक हाये. पाराल तं देतो, नाही तं उलटते."

"पारू ना," सासू घाईनं म्हणाली. "सांग."

"खाली पोटी ही चालत नाही. आधी तूप-भात, वरन. भाजी. बोडीतली मासोरी भेटली तं तिचा रस्सा. दिवसातून चार खेप. खाल्ल्यावर घडीभरानं हा काढा. अन् काढ्यावर काढ्यापेक्षा दुप्पट पानी. अन् एक महिना विहिरीवर जानं नाही, कांडन नाही. घागर उचलली का सोप गेली वाया."

सासरा मान डोलावत होता. औषधाचं पथ्य म्हटल्यावर कोण मोडणार? त्यानं त्याच दिवशी पोराला जाळं घेऊन बोडीवर, गावच्या तळ्यावर, पाठवलं. पाचव्या-सहाव्या दिवशी इमलाच्या लेकराला पोटभर दूध मिळायला लागलं. सासू गावभर सोपेचे गुण गात फिरली.

मी काकीला विचारलं, "खरं सांगा, दूध सोपेनं आलं की भातानं?"

ती सुपात धान पाखडत होती. हात थांबवला नाही. "आमच्या बाईनं थोडासाक हात लावला असन. बाकी भातानं आला."

"मग सासूला सरळ का नाही सांगितलंत, तिला जेवायला द्या म्हणून?"

"मी सांगतली असती तं तिनं आयकली असती का? मी कोन? सोपेची मात्र सारे आयकतत."

मग माझ्या लक्षात आलं की गावात प्रत्येकीचं पथ्य वेगळं होतं. जिची कंबर लाकडाच्या मोळ्या वाहून गेलेली, तिच्या सोपेला ओझं चालत नसे. जिला वर्षाला एक मूल होत होतं, तिच्या सोपेला सहा महिने नवऱ्याची बाज दुसरीकडे लागायची. जिला माहेरची आठवण येऊन झोप नव्हती, तिची सोप माहेरच्या विहिरीच्या पाण्यातच भिजवावी लागे. पुरुष मंडळी हे सगळं निमूट पाळायची.

मला तीन वर्षं मूल नव्हतं. सासरहून पत्रं यायची, त्यात प्रत्येक वेळी तेच. एकदा मी तिला म्हटलं, "काकी, मला द्या ना काहीतरी." त्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं.

"सोपेनं पोर होत नाही. जो सांगन होते म्हनून, तो लबाड. मी तुह्यासंगं लबाडी नाही करत."

मला वाईट वाटलं, रागही आला. पण पुढे मला दोन मुली झाल्या, तेव्हा त्यांचं श्रेय तिला द्यायला गेलेल्या बायकांना तिनं हाकलून लावलं.

आता मालगुजारांच्या घरची गोष्ट.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. मालगुजारांच्या पत्नीला, गाव त्यांना मोठीबाई म्हणे, चार महिन्यांपासून अंगावर जात होतं. वय पंचेचाळीसच्या पुढे. थांबायचं नाव नाही. आधी वैद्य झाले, मग गंडेदोरे झाले, आणि मग काकीला बोलावणं आलं. लिहिणं-वाचणं येणारी म्हणून मोठीबाईंनी मलाही बोलावलं होतं. काकी आत जाऊन त्यांच्या पोटावरून हात फिरवून आली. बैठकीच्या दाराशी उभी राहिली. मालगुजार लोडाला टेकून बसले होते.

"मालक, हे माह्या सोपेचं काम नोहोय. बाईले गोंदियाच्या दवाखान्यात न्या. तेथी बाई डाक्टर हाये. पोटात गाठ लागते हाताले."

"दवाखान्यात?" मालगुजार ताठ झाले. "आमच्या घरची बाई तिथं जाऊन पडणार? लोग क्या कहेंगे? तू तुझी सोप दे. सगळ्या गावाला देते, आम्हालाच नाही म्हणते?"

"नाही देत."

"सायत्रा, बांधी कोणाची वाहतेस, आठवण आहे ना?"

सोमाकाका बाहेर पायरीवर बसला होता. त्यानं मान वर केली. काकीनं हात पदरात घेतले.

"आठोन हाये मालक. बांधी तुमची हाये. सोप माही हाये."

मग आतल्या दारामागून मोठीबाईंचा आवाज आला. त्या घरात परक्यांसमोर तो आवाज कधी कोणी ऐकला नव्हता.

"गाडी जुंपा म्हन्तो मी. मले मराचं नाही."

मालगुजारांनी दाराकडे पाहिलं आणि गड्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. गवताच्या गादीवर मोठीबाई, उशाशी काकी, पायथ्याशी मी. अर्ध्या वाटेवर एका बोडीशी बैलांना पाणी पाजायला थांबलो. मोठीबाईंना झोप लागली होती. काकी पाण्याकडे पाहत म्हणाली,

"माही पोरगी होती. यमू. तुह्याच वयाची असती."

तिला मूल होतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या शेजाराला चार वर्षं झाली होती, पण ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

"पहिल्या खेपेले आली घरी. पोर झालं, मेलेलं. मंग रगत थांबेना. मी सोप देऊन राह्यली. थंडी हाये, थांबवन, असा वाटे मले. दोन दिवस दिली. दाई म्हने गोंदियाले ने. मी म्हनो, आमची बाई हाये ना. तिसऱ्या दिवशी गेली."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

"मंग साऱ्या जुड्या उपटून फेकल्या मी. दोन वर्स पेरली नाही. मंग एका पोरीचं पोट दुखे, रडे, तिची माय आली मांगाले. म्हटलं, सोपेचा काय गुन्हा? तिले जेवढं येते तेवढं ते करते. जास्तीचं मीच तिच्या डोस्क्यावर ठेवलं. तवापासून बाईचं काम कोठी संपते ते पाह्यतो आधी."

गाडी पुन्हा चालू लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गर्भाशयात गाठ आहे, काढावी लागेल, आणि आणखी महिना गेला असता तर अंगात रक्तच उरलं नसतं. शस्त्रक्रिया झाली. काकी तीन आठवडे तिथल्या व्हरांड्यात राहिली. डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे फिरून तिनं हजार प्रश्न विचारले. ती गाठ दाखवा, असाही हट्ट धरला आणि पाहून आली. मोठीबाई परतल्या त्या गाडीत बसून, झोपून नव्हे.

काकीची बांधी जाणार असं सगळे धरून चालले होते. ती त्या उन्हाळ्यात मुकाट्यानं सोमाकाकाबरोबर शेणखत टाकत होती. बांधी गेली नाही. मालगुजार त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. वर्षभरानं मात्र मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची एक बाळंतीण अडली, तेव्हा कोणी मागायच्या आधी मालगुजारांची गाडी, ताडपत्री बांधून, तिच्या दारात उभी होती. पुढेही ती तशीच येत राहिली. अशा किती जणी गेल्या आणि चालत परत आल्या ते मी मोजलं नाही, पण त्यांची थोरली पोरं माझ्या यजमानांच्या शाळेत होती.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, दिवाळीनंतर, आमची बदली देवरीला झाली. निघायच्या दिवशी काकी घरी नव्हती. सोमाकाका म्हणाला, "गोंदियाले गेली," आणि आणखी काही विचारायच्या आत बैलांकडे वळला. न भेटताच निघावं लागलं म्हणून मी वाटभर मुलींवर उगाच चिडत होते.

गोंदियाला मोटारीला वेळ होता. काकी असली तर तिथंच असेल, म्हणून मी धाकटीला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेले. मागच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी सुइणींचा नवा वर्ग काढला होता. दहा-बारा बायका रांगेनं उभ्या होत्या, बहुतेक विशी-पंचविशीच्या. आमच्या गावच्या दाईची सून त्यात होती. तिला सोबत म्हणून काकी आली होती आणि मग स्वतःच रांगेत उभी राहिली होती. डॉक्टरीणबाईंनी वय विचारलं तेव्हा म्हणाली होती म्हणे, "तुमच्या मनानं लिवून घ्या."

त्या दिवशी हात धुण्याचा पाठ होता. काकीनं लुगड्याचा पदर कंबरेला खोचला, साबण घेतला आणि कोपरापर्यंत लावला. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, ती इतक्या मन लावून घासत होती की पुढची बाई हसायला लागली. काकीला त्याचं काही नव्हतं. पाणी ओतून घेतल्यावर बाई म्हणाल्या, आता पुसायचं नाही, कशालाही लावायचं नाही, हात वर धरून वाळू द्यायचे.

"काकी!" मी कुंपणाबाहेरून हाक मारली.

तिनं वळून पाहिलं. तिचा चेहरा उजळला. एक पाऊल पुढे आली आणि थांबली. हात खाली घेता येत नव्हते, हलवताही येत नव्हते. कोपरांवरून पाण्याचे थेंब गळत होते. ओले, स्वच्छ, सुरकुतलेले दोन्ही हात तसेच वर धरून ती नुसती हसत उभी राहिली.